तीन स्क्रीन, तीन प्रती आणि एक पोथी : पाठ ताडून पाहण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या पेठेतलं छोटं डीटीपी आणि मुद्रितशोधनाचं कार्यालय. मालक, अक्षरजुळणी करणारा एक तरुण मुलगा आणि आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलेल्या एक ज्येष्ठ बाई, एवढाच कारभार. त्या बाईंना तिथे सगळे काकू म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव. माणसं, गाव आणि देवस्थान ओळखू येणार नाही अशा बेताने पुढचं लिहिलं आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका देवस्थानाने त्यांना काम दिलं. देवस्थानाचं क्षेत्रमाहात्म्य ओवीबद्ध आहे आणि उत्सवात त्याचं पारायण होतं. जुन्या प्रती संपल्या होत्या, तेव्हा नवी आवृत्ती हवी होती. विश्वस्तांनी तीन गोष्टी आणून दिल्या. पहिली शिळाछाप पोथी, म्हणजे हाताने लिहून दगडावरून छापलेली, सुट्या आडव्या पानांची, कडा झिजलेली. दुसरी स्वातंत्र्यानंतर खिळे जुळवून छापलेलं, बांधणीचं पुस्तक. तिसरी पेन ड्राइव्हवरची एक फाइल. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी ते पुस्तक युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करून ठेवलं होतं. 'फाइल तयारच आहे, तेव्हा काम लवकर होईल,' असा विश्वस्तांचा समज. मालकांनीही दर त्याच हिशेबाने लावला होता.

मला बोलावलं ते नंतर, काम अडल्यावर.

अडचण

फाइल कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणली, तेव्हा ठरावीक प्रकारची मोडतोड दिसली. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली नसतात, कागदावर दिसतात त्या क्रमाने असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. रूपांतर चुकलं की 'तीर्थ'चं 'तीथर्' होतं आणि ऱ्हस्व वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. दंडाच्या (।) जागी कुठे उभी रेघ, कुठे रोमन आय. अशा चुका डोळ्यांत भरतात, त्यामुळे त्या काढणं सोपं.

अवघड चुका वेगळ्याच असतात. 'करूनि'चं 'करुनि' झालेलं दिसतच नाही. एखादा चरण गळाला तरी उरलेला मजकूर नीट वाचता येतो. शिवाय फाइल टाइप करणाऱ्याने मधूनमधून १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे अनुच्चारित अनुस्वार काढले होते आणि मधूनमधून राहू दिले होते. एकाच पानावर 'ऐसें' आणि 'ऐसे' दोन्ही.

म्हणजे फाइल पुस्तकाशी आणि पुस्तक पोथीशी ताडून पाहणं आलंच. मालकांनी उत्साहाने तिसरा मॉनिटर आणला. आधीचे दोन होतेच. डावीकडे पोथीचे स्कॅन, समोर फाइल, उजवीकडे पुस्तकाचे स्कॅन, अशी मांडणी झाली. टेबल बघायला एखाद्या शेअर दलालाच्या कचेरीसारखं दिसू लागलं.

पहिला अध्याय संपता संपता काकूंनी हात टेकले. "अरे, मान इकडून तिकडे फिरवली की माझी ओळ हरवते. कागदावर बोट ठेवता येतं, इथे कुठे ठेवू?"

मुलाला वाटलं, वयाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "काकू, सवय होईल." पण त्याने स्वतः तपासलेली पानं काकूंनी प्रिंट काढून पुन्हा पाहिली, तर त्याच्या हातूनही एक अख्खी ओवी सुटली होती. लागोपाठ दोन ओव्यांची सुरुवात 'ऐसें'ने होती. डावीकडून नजर परत आली ती पहिल्या 'ऐसें'वर न येता दुसऱ्यावर बसली आणि मधली ओवी तपासल्यात जमा झाली. हातांनी पोथ्या उतरवणाऱ्यांच्या हातूनही नेमकं असंच घडत असे. पोथीत ओवी गळण्यामागचं हे एक नेहमीचं कारण आहे. इथे नजरेची उडी वीतभराची न राहता हातभर लांब झाली होती, एवढाच फरक.

त्यात दोन भानगडी अंगच्या होत्या. पहिली, ओव्यांचे क्रमांक जुळत नव्हते. काही अध्यायांत एका ठिकाणापासून पुढे पुस्तकाचा क्रमांक पोथीच्या मागे पडत होता. वर्डमध्ये दोन फाइली शेजारी ठेवून एकत्र सरकवायची सोय असते, ती इथे निरुपयोगी ठरली. स्कॅन म्हणजे नुसती चित्रं, त्यांना वर्डच्या फाइलीबरोबर सरकवणार कसं? आणि मजकूर असता तरी क्रमच वेगळा होता.

दुसरी भानगड काकूंच्या चश्म्याची. त्यांचा चश्मा प्रोग्रेसिव्ह. त्यात जवळचं वाचायचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो. कागद मांडीवर किंवा टेबलावर असतो तेव्हा हे अगदी सोयीचं. समोर उभ्या स्क्रीनची वरची ओळ वाचायची तर हनुवटी उचलून मान मागे टाकावी लागते. पुस्तकाचं पान पूर्ण दिसावं म्हणून उजवीकडचा मॉनिटर उभा फिरवला होता, त्यामुळे त्याची वरची कड त्यांच्या कपाळाच्याही वर गेली होती. दिवसाअखेरी मान धरायची.

पुढे आलेले पर्याय

मी गेलो तेव्हा चौघांचा खल झाला. चार वाटा समोर होत्या आणि प्रत्येकीचा पाठीराखा वेगळा.

काकूंचं म्हणणं, सगळं छापा आणि जुन्या रीतीने करा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रत पाहायची. छापखान्यांत मोठ्याने वाचण्याचं काम कॉपीहोल्डर करायचा. वाचणारा टिंबसुद्धा उच्चारतो : "ऐसें, टिंब, ऐकोनि, मुनीचें, टिंब." गळलेला चरण या रीतीत सुटत नाही, कारण आवाज पुढे जातो आणि डोळा अडकतो. पण एका वेळी दोनच प्रती ताडता येतात. इथे तीन होत्या. म्हणजे दोनदा वाचन, दोन माणसं पूर्ण वेळ गुंतलेली आणि दर तर आधीच ठरलेला.

मुलाचं म्हणणं, सगळं यंत्राकडून करून घेऊ. स्कॅनचं ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखून त्यांचा मजकूर करायचा, आणि दोन मजकुरांतला फरक दाखवणारं विनमर्जसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवायचं. पुस्तकाच्या बाबतीत ही वाट बरीचशी चालण्यासारखी होती. खिळ्यांची छपाई स्वच्छ असेल तर मराठी ओसीआर कामापुरतं वाचतं. पोथीपुढे मात्र ते हतबल झालं. शिळाछाप म्हणजे मुळात हस्ताक्षरच. शब्द सलग, ओळ पानभर आडवी, 'ख' लिहिलेला 'रव'सारखा, 'घ' आणि 'ध' यांत शिरोरेषेचाच काय तो फरक.

मालकांचा कल एका मोठ्या फोरके स्क्रीनकडे होता. यात तथ्य होतं. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ बिंदू बसतात, सत्तावीस इंची फोरकेवर १६३. मराठीत हा फरक इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो, कारण आपल्याकडे अर्थाचा भार मात्रेवरच्या टिंबावर असतो. नेहमीच्या आकारात कमी घनतेच्या स्क्रीनवर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, 'तें' आणि 'ते' सारखेच दिसतात. पण नवी खरेदी करायची तर या कामातला नफा तिथेच संपत होता. आणि अक्षर मोठं करून पाहिलं तर आहे त्या स्क्रीनवरही टिंब दिसतंच. अडचण टिंब दिसण्याची नव्हती. तीन जागी विखुरलेल्या तीन टिंबांची गाठ घालून देण्याची होती.

चौथी वाट मी सुचवली. ती माझ्या डोक्यातून आलेली नाही, ती याच शहरातली आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं, काम १९१९मध्ये सुरू झालं आणि १९६६मध्ये पुरं झालं. डॉ. वि. स. सुखठणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत, १९३३मध्ये, पोथ्या कशा ताडल्या ते तपशिलाने सांगितलं आहे. आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. त्या पोथीत जिथे वेगळं असेल ते अक्षर वरच्या अक्षराच्या बरोबर खाली, त्याच रकान्यात लिहायचं. उजवीकडे शेऱ्यासाठी जागा. श्लोक संस्कृतातला असो की आपली ओवी, प्रती शेजारी मांडण्यापेक्षा एकीखाली एक मांडल्या की डोळ्याला आडवा प्रवास उरत नाही. फरक उभ्या रेषेत समोर येतो.

काय केलं

पहिला निर्णय मांडणीचा नव्हताच, पायाभूत प्रत कोणती याचा होता. तो सुरुवातीलाच व्हायला हवा होता, पण 'फाइल तयार आहे' या एका वाक्याने सगळ्यांनीच ती फाइल पाया धरली होती. वास्तविक ती तिन्हींत सर्वांत अशक्त प्रत. विश्वस्तांशी बोलणं झालं. पारायण करणारी मंडळी जुन्या पुस्तकावरून वाचत आली आहेत, त्यांच्या जिभेवर तेच शब्द बसले आहेत. म्हणून मूळ धरायचं ते पुस्तक, लेखनही त्यातलं जुनंच ठेवायचं, पोथीत वेगळं असेल ते तळटीपेत. उघड मुद्रणदोष तेवढे दुरुस्त करायचे. फाइलीचा उपयोग टंकनाचे श्रम वाचवण्यापुरता.

मग मुलाने मजकूर एक्सेलमध्ये घेतला. प्रत्येक ओवीला तीन ओळी : पोथी, पुस्तक, फाइल. दंडापाशी तोडून प्रत्येक चरण वेगळ्या रकान्यात. भांडारकरच्या कागदावर अक्षरागणिक रकाना होता. संगणकावर देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे ते साधत नाही. पण ओवीच्या बाबतीत चरण हे चांगलं माप आहे, कारण डोळा एका झेपेत तेवढंच धरतो. ओवीला तीन प्रतींचे आपापले क्रमांक दिले, शिवाय आमचा एक सलग क्रमांक. क्रमांकांचं घसरणं तिथेच उघडं पडलं : पुस्तकात जुळाऱ्याने दोन ओव्या गाळल्या होत्या आणि पुढचे आकडे सलग लावून टाकले होते.

एक ओवी कशी दिसत होती ते पाहा.

पोथी : ऐसें ऐकोनि मुनीचें वचन । रायें केलें साष्टांग नमन । ह्मणे स्वामी कृपा करून । तीर्थमहिमा सांगावा ॥
पुस्तक : ऐसें ऐकोनि मुनीचें वचन । रायें केलें साष्टांग नमन । म्हणे स्वामी कृपा करून । क्षेत्रमहिमा सांगावा ॥
फाइल : ऐसे ऐकोनि मुनीचे वचन । राये केलें साष्टांग नमन । म्हणे स्वामी कृपा करुन । क्षेत्रमहिमा सांगावा ॥

'ह्मणे' ही जुन्या लेखनाची लकब, तिची नोंद करायची गरज नाही. 'करुन' ही फाइलीची चूक. 'तीर्थमहिमा' आणि 'क्षेत्रमहिमा' हा खरा पाठभेद, तो तळटीपेत जाणार. तीन स्क्रीनवर हाच भेद मुलाने आणि काकूंनी, दोघांनीही न बघता ओलांडला होता. दोन्ही शब्द वृत्तात बसतात, दोन्ही अर्थाला धरून आहेत, आणि मान वळेपर्यंत मागचा शब्द डोक्यातून पुसला जातो. अर्थ मात्र लक्षात राहतो. तिथेच घात होतो.

यंत्राला कामाला लावलं ते यापुढे. फाइल आणि पुस्तकाचं ओसीआर यांची रकान्यागणिक तुलना साध्या सूत्राने झाली. पण सुरुवातीला तिने नको तिथे तांबडं करून ठेवलं. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' डोळ्याला एकच दिसतात, संगणकाला वेगळे. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दंडाच्या आधीची मोकळी जागा, उभी रेघ की खरा दंड, हेही तसंच. म्हणून आधी दोन्ही मजकूर एका साच्यात आणले आणि मगच ताडले. मग उरलेली तांबडी घरं माणसाने बघावीत एवढी आणि एवढीच राहिली.

पोथीसाठी यंत्राचा उपयोग नव्हता. तिथे काकूच. आणि आता स्क्रीनची मांडणी बदलली.

मधला मॉनिटर आडवा, बरोबर नाकासमोर. त्याच्या वरच्या भागात पोथीच्या पानाची फक्त एक ओळ दिसेल एवढी पट्टी, खाली एक्सेलची तीन ओळींची जोडणी मोठ्या अक्षरात. पोथीचं पान मुळात आडवं, त्यामुळे रुंद स्क्रीनवर तिची ओळ पूर्ण मावते. उभ्या स्क्रीनवर ती बारीक तरी करावी लागली असती किंवा मध्येच तोडावी. नजरेची उडी दोन बोटांवर आली. काकू माउसचा बाण खरोखरच बोटासारखा चरणाखाली धरू लागल्या.

उभा फिरवलेला मॉनिटर डाव्या हाताला गेला, खाली उतरवून. चोवीस इंची स्क्रीन उभी केली की ए-फोर आकाराचं पान मूळ आकाराच्या जवळजवळ १४० टक्के मोठं दिसतं. पुस्तकाचं पान शंका आली की बघायला हे उत्तम. मात्र सतत ताडायला नाही. त्याचं पॅनेल स्वस्तातलं, टीएन जातीचं होतं. असा मॉनिटर उभा केला की दोन डोळ्यांना दोन छटा दिसतात. बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारं आयपीएस पॅनेल असतं तर हा त्रास कमी झाला असता. तिसरी स्क्रीन टेबलावरून काढून मालकांच्या हिशेबाच्या जागी ठेवली. मालक थोडे नाराज झाले, साहजिक आहे.

चश्म्याचं उत्तर त्यांच्या नेत्रतज्ज्ञांनी दिलं : हातभर अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चश्मा. तो आला त्या आठवड्यात मानेची तक्रार बंद झाली. तोवर आम्ही मॉनिटरखालची पुस्तकं काढून तो टेबलाला टेकवला होता.

काकूंची रीतही सोडली नाही. प्रत्येक अध्याय शेवटी छापून मोठ्याने वाचला गेला, मुलगा वाचणार आणि काकू पाहणार. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की हे काम असायचं. हे वाचन मात्र एकाच अंतिम पाठाचं होतं, तीन प्रतींचं नाही, म्हणून ते परवडलं.

निकाल

उत्सवाआधी नवी आवृत्ती छापून झाली. पुस्तकातून गळलेल्या दोन ओव्या शिळाछाप पोथीवरून परत आल्या. विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठांना त्यातली एक तोंडपाठ होती, त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली. फाइलमध्ये पानाच्या सांध्यावर निसटलेला एक चरणही सापडला. वेळ मात्र ठरल्यापेक्षा बराच जास्त गेला आणि मालकांना या कामात पैसा सुटला नाही. तक्ता तयार करण्यात, म्हणजे पोथीचा मजकूर घरांत भरण्यात, सर्वाधिक वेळ गेला. पुढचं ताडणं त्या मानाने झपाट्याने झालं.

पारायण सुरू झाल्यावर एका वाचकाने चूक काढली. ओव्यांत नाही, अध्यायाच्या शेवटच्या 'इति श्री' या समाप्तीच्या ओळीत. एका अध्यायाच्या शेवटी दुसऱ्याच अध्यायाचा क्रमांक होता. ही चूक फाइलमधली, जशीच्या तशी पुढे आलेली. समाप्तीच्या ओळी ओव्या नव्हत्या, त्यांना चरण नव्हते, म्हणून त्यांना तक्त्यात घरच मिळालं नव्हतं. मोठ्याने वाचतानाही सूर लागलेला असल्यामुळे कान तिथे थांबला नाही. उरलेल्या प्रतींना शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली.

वेगळं काय करता आलं असतं

पायाभूत प्रत ठरवण्याआधी दर सांगायला नको होता. एक अध्याय नमुन्यादाखल तिन्ही प्रतींशी ताडून पाहिला असता, तर फाइलीचा दर्जा आणि क्रमांकांची घसरण दोन्ही कळली असती, आणि विश्वस्तांशी पैशाचं बोलणं वेगळं झालं असतं.

तिसरा मॉनिटर घेण्याआधी चश्मा तपासायला हवा होता. त्याचा खर्चही कमी. चाळिशी उलटलेल्या कुठल्याही वाचकासाठी टेबल मांडताना 'डोळ्यांपासून स्क्रीन किती लांब आणि वरची कड कुठे' हे आधी मोजावं, स्क्रीन किती ते नंतर.

पोथीचा सगळा मजकूर टाइप करून घेण्याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. मुलाचं म्हणणं, भांडारकरच्या कागदाप्रमाणे फक्त वेगळं असेल तेवढंच पोथीच्या ओळीत भरायचं होतं, रिकामं घर म्हणजे 'वरच्यासारखंच'. वेळ निम्म्याहून कमी लागला असता. काकूंना हे पटत नाही. रिकामं घर पाहून 'सारखं आहे' की 'पाहिलंच नाही' हे कसं कळणार, असा त्यांचा सवाल. मला वाटतं, अनुभवी माणूस असेल तर मुलाची रीत, नवखा असेल तर काकूंची. रिकाम्या घरात निदान बरोबरची खूण करायला लावली तर दोघांचंही समाधान होईल.

आणि तक्त्यात ओव्यांखेरीज जे जे छापलं जाणार आहे त्यालाही ओळ द्यायची : मंगलाचरणाच्या आधीचं 'श्रीगणेशाय नमः', समाप्तीच्या ओळी, आरती, मुखपृष्ठावरचा शक. आता हे कार्यालय दुसऱ्या एका देवस्थानाच्या कामाला लागलं आहे. तक्त्याची पहिली ओळ मुखपृष्ठाची आहे, आणि तिसरा मॉनिटर अजून मालकांच्या टेबलावरच आहे.